पंचेचाळीस

त्या काळी गुणसूत्रं कात्रीनं कापायची असत.
त्बिलिसीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
वाकड्या पात्याची एक लहान कात्री, डिंकाची बाटली,
आणि अंधाऱ्या खोलीतून आलेला, कडेनं अजून ओला फोटो:
एका पेशीचं पोट फुटून सांडलेले
पट्ट्यापट्ट्यांचे सेहेचाळीस तुकडे.
एकेक सोडवायचा. उंचीनं लावायचा. जोडी शोधायची.
एक आईकडचं, एक बापाकडचं.
लग्नं जुळवणारी, म्हणायचे मला सगळे.
मी म्हणे, नाही हो,
ही आधीच लागलेली लग्नं; मी नुसती पंगत बसवते.

राचाच्या डोंगरातून चौघं आली रात्रीच्या बसनं.
लामारा, नवरा ओतार, कडेवर गोचा,
आणि सासू म्झेकाला, काळ्या रुमालात,
हातात अक्रोडांची पिशवी.
गोचाचे डोळे तिरपे, जीभ जराशी बाहेर,
तळहातावर एकच आडवी रेघ.
"आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं,"
न विचारता म्झेकाला बोलली.
"भुवया बघा, ओतारच्या. कान बघा, माझ्या नवऱ्याचे.
बाकीचं हिनं आणलंय माहेराहून."
लामारा बाळाचा मोजा वर ओढत राहिली.
तो काही खाली आलेला नव्हता.
"माझंही रक्त घ्या," म्हातारीनं बाही सारली,
"म्हणजे होऊन जाऊ दे."

तीन दिवस रक्त उबेला ठेवायचं.
पेशी दुभंगायच्या बेतात आल्या
की औषध घालून तिथंच थांबवायच्या.

लामाराचे सेहेचाळीस.
ओतारचे पंचेचाळीस.

पुन्हा मोजले.
टेबलाखाली शिरले, गुडघ्यांवर.
कचऱ्याची टोपली पालथी केली, बुटांचे तळ पाहिले,
डिंकानं चिकटला असेल म्हणून स्वतःचं कोपरसुद्धा.
एकविसावं म्हणजे केवढं, जिऱ्याचा दाणा.
शिंकेसरशी उडेल.

दुसरी पेशी काढली. पंचेचाळीस.
तिसरी.
मग चौदाव्या जोडीपाशी थांबले.
त्यातलं एक आपल्या जोडीदाराहून उंच होतं,
एकविसाव्याला डोक्यावर घेऊन उभं,
पोराला खांद्यावरून जत्रा दाखवावी तसं.
हरवलं काहीच नव्हतं.
ओतारला काही कमी नाही, म्हणून कधी कळलंही नाही.
देताना मात्र जोडलेलं गेलं, आणि त्याच मुठीतून
सुटं एकविसावंही गेलं,
वर लामाराचं एक, रीतीप्रमाणे.
गोचापाशी तीन जमले.

म्झेकालाचा फोटो मी सर्वांत शेवटी कापला.
मोजायच्या आधीच चौदावी जोडी पाहिली.

डॉक्टरबाई हळू बोलत होत्या: कुणाचा दोष नाही,
हे कुणाच्या हातात नसतं.
म्हातारीनं त्यांना थांबवलं. "दाखवा."
कागदावर बोट ठेवलं, नखात माती.
"यात कान कुठं आहेत?"
सांगता येईना. जनुकं इतकी बारीक
की माझ्या कात्रीला ती कधीच दिसली नाहीत;
पट्ट्यांच्या आत, बंद पेटीतल्या पत्रांसारखी, असतील कुठं तरी.
"भुवया?"
त्याही.
"आणि माझ्या पोटात राहिले नाहीत ते तिघं?"
डॉक्टरबाई म्हणाल्या, असू शकतं. यामुळेच, असू शकतं.
म्झेकाला बराच वेळ त्या उंच तुकड्याकडे पाहत होती.
"पाच वर्षं," ती म्हणाली,
"सासूनं मला द्राक्षाच्या वेलाला हात लावू दिला नाही."

लामाराची माफी तिनं मागितली नाही.
जिन्यात मी ऐकलं, ती परत ओरडत होती,
मोजा सैल विणलाय म्हणून.
मोजा तिनंच विणला होता.

संध्याकाळी एकटीच परत आली, तो कागद मागायला.
तो सरकारी फाइलचा; देता येत नव्हता.
दुसरी प्रत काढली, रात्री बसून कापली,
एक तुकडा खरोखरच खाली पडला, सापडला.
सकाळी तिनं टेबलावर अक्रोड ओतले,
कागद छातीशी धरला.
मी म्हटलं, आजी, घडी घालू नका,
डिंक अजून ओला आहे.